काकांच्या लढाईतला पळपुटा

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय विचारतो? काम काय करता, घरात माणसं किती, मच्छी खाता का. रोह्याजवळच्या अष्टमी गावात आमच्या घरमालक काकांनी मला दारातच विचारलं, "समजा, समोरून गोळीबार सुरू झाला. तू काय करशील?"

मी बायकोकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. मला वाटलं एरिया वाईट दिसतोय.

"काका, हितं गोळीबार होतो काय?"

"इथे नाही रे. वर." काकांनी माडीकडं बोट केलं.

आमची ही काढलेली चप्पल परत घालायला लागली. पण पुरुषमाणूस म्हणून मला काहीतरी बोलायला पायजे होतं. छाती पुढं काढून म्हटलं, "मी गोळी छातीवर झेलीन."

"असं सगळेच सांगतात," काका म्हणाले आणि तिच्याकडं वळले. "आणि तुम्ही?"

"मी आधी ह्यांना शोधीन."

मला भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काय ती कधी बोलली नव्हती.

"कशासाठी?" काकांनी विचारलं.

"चावी ह्यांच्याकडं असते घराची."

काका एवढे खूश झाले की टाळी वाजवली. "खोली तुमची!" म्हणाले. माझ्या छातीचं पुढं कुणी नावच काढलं नाय.

काका एकटेच. लग्न नाय, टीव्ही नाय. शर्टाच्या खिशात पेन असायचं आणि पेनाला टोपण नसायचं, म्हणून सगळ्या शर्टांना हृदयाजवळ निळा डाग. आयुष्यभर पुण्याला एका सरकारी हापिसात होते. तिथं लढाई न करता लढाई करून बघतात. म्हंजे कॉम्प्युटरच्या आत मैदान, आत सैनिक, आत रणगाडे. मोठ्ठं मशीन, त्याच्यात हजारो मेंदू एकदम चालणारे. रिटायर व्हायच्या आधीच काका भांडून तिथनं निघाले आणि गावाकडं आले. मोठं मशीन काय आणता येत नाय, म्हणून हापिसांनी भंगारात टाकलेले कॉम्प्युटर गोळा करून माडीवर मांडले. मांडले म्हंजे मांडणीवर भांडी लावतात तसे, भिंतभर. एकाला झाकण नाय, एकाला पंखा बाहेरून बांधलेला, आणि सगळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरी. आमची ही पयल्यांदा वर गेली तेव्हा म्हणाली, "झाडू कुठनं घालायचा?" काका म्हणाले, "घालायचाच नाही." तवापासून तिचं काकांबद्दलचं मत थोडं खाली आलं ते परत वर नाय गेलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. चौथी दोनदा झाली. तिसऱ्यांदा बसणार होतो, पण मास्तर घरी येऊन आईसमोर हात जोडून गेले. त्यामुळं काका समजवायला लागले की मी मान हलवायचो. हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"तू मान हलवतोस म्हणजे तुला कळलेलं नाही. पेणचा ना तू? गणपतीच्या कारखान्यात कधी काम केलंस?"

"केलं ना. काढून टाकलं."

"का?"

"डोळ्यांची आखणी दिलेली करायला. माझे गणपती एका डोळ्यानं भक्ताकडं बघायचे आणि दुसऱ्या डोळ्यानं उंदराकडं."

काका हसले नाय. त्यांना दुसरंच काहीतरी दिसत होतं. "कारखान्यात सगळ्या मूर्ती एकच माणूस करतो का?"

"छ्या! गणपती येऊन जातील तोवर. सगळे आपापला पाट घेऊन ओळीनं बसतात."

"बस! तेच हे. मैदानाचे तुकडे केले. एकेका कॉम्प्युटरला एकेक तुकडा. ज्याने त्याने आपल्या तुकड्यातले सैनिक सांभाळायचे. पण सगळ्यांनी पाऊल एकत्र टाकायचं. एकाचं झालं नसेल तर बाकीच्यांनी हात बांधून थांबायचं. नाहीतर एकाच्या पाटावर सकाळ आणि दुसऱ्याच्या पाटावर संध्याकाळ होईल. तुमच्याकडे कोणी मंद असला तर सगळे थांबायचे का?"

"माझ्यासाठीच थांबायचे."

"बघ! कळलं तुला."

आयुष्यात पयल्यांदा मला काहीतरी कळलं होतं, ते पण मी मंद होतो म्हणून.

काकांचं एक वाक्य होतं, उठता बसता यायचं. "शेजाऱ्याला सांगितलंस का?" त्याचं असं की सैनिक चालत चालत एका कॉम्प्युटरच्या तुकड्यातनं दुसऱ्याच्या तुकड्यात गेला की पयल्यानं दुसऱ्याला सांगायचं, बाबा, माझा माणूस तुझ्याकडं येतोय. सांगायचं राहिलं की माणूस गायब. आणि दोघांनी पण धरून ठेवला तर एकाचे दोन. एकदा तसा एक सैनिक डबल झाला आणि दोघं एकाच खड्ड्यात जाऊन बसले, तर काका दिवसभर जेवले नाय.

हेच वाक्य ते आमच्या घरात पण वापरायचे. मी तवा रिक्षा चालवायला लागलो होतो. त्याच्या आधी डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडं होतो; तिथं शिफ्टला झोपलो. झोपायचं कुणाला नाय कळलं, घोरायचं कळलं. तर एकदा काय झालं, बायकोला सांगितलं रोह्याला स्टँडवर जातो, स्टँडवर सांगितलं घरी जातो, आणि पूल ओलांडून रोह्याच्या अलीकडं झाडाखाली रिक्षा लावून मस्त ताणून दिली. हिला निडीला माहेरी जायचं होतं. तिनं स्टँडवर फोन केला, ते म्हणाले घरी गेला. ती म्हणाली घरी तर नाय. झाली बोंबाबोंब. काका पूल ओलांडून आले, मला हुडकलं, आणि ओरडले नाय काय नाय. रिक्षात डोकं घालून एवढंच म्हणाले, "अष्टमीत नाहीस, रोह्यातही नाहीस. तू माझ्या प्रोग्रॅममधली चूक आहेस."

गोळीबाराचा तो प्रश्न काकांनी सगळ्यांना विचारलेला. कारण त्यांचं भांडणच त्याच्यावरनं झालं होतं. पुण्याच्या मशीनमधले सैनिक मरेपर्यंत लढायचे, इंजिनासारखे. काका म्हणायचे, माणूस असा नसतो, त्याच्यात भीती घाला. वरचे म्हणायचे, भीती मोजायची कशी? काका म्हणायचे, मी मोजून आणतो. आणि मोजायला गावाला आले.

मच्छीवाली म्हणाली, "मी कशाला पलू? मी वरडन. माजा आवाज आयकून तेच गप व्हतील." शेजारचे दुबईवाले चाचा म्हणाले, "पयला पासपोर्ट बघीन, मंग जीव." आमचा न्हावी म्हणाला, "अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक सोडून कसा जाऊ? पुरी करीन, मंग जाईन." काका हे सगळं प्रोग्रॅममध्ये घालायचे. हातातलं काम पुरं करून मंगच पळणारे सैनिक, ते न्हाव्यावरनं. आधी दुसऱ्याला शोधणारे, ते आमच्या हिच्यावरनं.

माझ्या छातीवर मात्र काकांचा इश्वास बसत नव्हता. दिवाळी होऊन गेली होती. मी घरामागं रिक्षा धूत होतो, ही नळावर बादली भरत होती. काकांनी भिंतीपलीकडं गुपचूप सुतळी बॉम्ब लावला.

पुढचं मला आठवत नाय, लोकांनी सांगितलं ते सांगतो. मी हिच्या अंगावरनं उडी मारून गेलो. गल्लीतनं खाली, न्हाव्याच्या दुकानासमोरनं, थेट पिठाच्या गिरणीत, पोत्यांच्या मागं. बाहेर आलो तर पांढराफटक. अर्धा पिठानं, अर्धा तसाच. समोर काका उभे, हातात घड्याळ.

"पळताना बायकोकडे बघितलंस?"

"ती होती काय तिथं?" मी म्हटलं. नळावरची बादली तशीच भरून वाहत होती, आणि ही कमरेवर हात ठेवून मागनं येत होती.

"उजवीकडेच का वळलास?"

"तिकडं उतार हाय ना."

"उतार!" काकांनी हवेत हात उडवले. "कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं! घाबरलेला माणूस उताराने जातो!"

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हंजे, मला पळताना बघून न्हाव्याची गिऱ्हाईकं पण पळाली. गळ्यात फडकं, तोंडाला फेस. एकानं पण विचारलं नाय काय झालं ते. न्हावी तेवढा जागेवर होता, वस्तरा हातात, समोर खुर्ची रिकामी. काका त्या दिवशी एवढे खूश होते की माझ्या खांद्यावर हात ठेवून घरी आले. म्हणाले, "लाज वाटून घेऊ नको. माझ्या फौजेत तुझीच उणीव होती."

मंग मी फौजेत गेलो. आपली फौज निळे ठिपके, समोरची लाल, आणि निळ्यांमध्ये पिवळे होते तो मी. एक मी नाय, भरपूर मी. बायको वर यायची आणि विचारायची, "ह्यातले हे कुठले?" काका म्हणायचे, "जे निघालेत ते." मी आल्यापासून निळी फौज दरवेळी हरायची. पिवळे पळाले की बघून निळे पळायचे. चाचा एकदा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ह्याला समोरच्यांच्यात टाका ना."

ह्याच्यात गंमत होती, पण काकांना घाई होती. त्यांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडनं मिटत चालली होती. मधलं दिसायचं, कोपरे जायचे. मी शेजारी बसून सांगायचो, काका, डावीकडं वर चार निळे बसलेत. डॉक्टरनं सांगितलं होतं की गेलं ते परत येणार नाय, राहिलंय ते जपा. काका मला म्हणाले, "मला फक्त एकदा हे मोठ्या मशीनवर चाललेलं बघायचंय. माझ्या डोळ्यांनी. इथे सगळे मिळून मूठभर सैनिक चालतात. तिथे अख्खी फौज घाबरवता येईल." आणि अजून एक होतं. पुण्याच्या प्रोग्रॅममध्ये सैनिक दोनच तऱ्हेचे, जिवंत आणि मेलेले. काकांनी तिसरी तऱ्हा केली होती, घरी पोचलेले. वरच्यांनी विचारलं होतं, ह्याचा लढाईला उपयोग काय? त्या भांडणात शेवटी ह्याच्यावरनंच काकांनी टेबलावर हापिसाच्या किल्ल्या ठेवून नोकरी सोडली होती.

त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता तिथं मोठा साहेब झाला होता. त्याला काकांनी फोन करून करून शेवटी यायला लावलं. रविवार सकाळ ठरली. त्याला पटलं तर मोठं मशीन मिळणार. नाय पटलं तर परत कुणाला बोलवायचं, आणि तोवर काकांना दिसणार किती?

पावसाळ्याचे दिवस. सुके बोंबील सगळे सादळलेले. आमची ही हुशार, काकांच्या मशीनींच्या मागनं गरम हवा येते ना, तिथं दोरी बांधून बोंबील लावायची. एरवी काका काय बोलायचे नाय. पण साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी मला म्हणाले, "हे सगळं काढ हं." मी काढले. पण टाकायचे कुठं? कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर होता, मैदानाच्या पार मागच्या तुकड्याचा. तिथं लढाई कधी जायची नाय, त्यामुळं तो बिचारा निवांत असायचा. मला वाटलं, ह्याला काय काम, ह्याच्यामागं लावू. आणि वास येऊ नये म्हणून वरनं गोणपाट टाकला. चांगला दाबून.

साहेब आले, बरोबर दोन पोरगेलेसे हापिसर. साहेब काकांच्या पाया पडले. मंग नाक वर करून म्हणाले, "सर, कसला तरी वास येतोय."

"रणांगण आहे," काका म्हणाले.

काका इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध बसले. मी बाजूला. लढाई चालू झाली. लाल आले, निळे उभे राहिले, न्हाव्यावरनं केलेले हातातलं काम उरकत होते. साहेब पुढं वाकून बघत होते. मंग पयली तोफ पडली आणि पिवळे निघाले.

मला काय माहीत, काकांनी आदल्या रात्री मैदानाला उतार दिलेला. मागच्या कोपऱ्याकडं.

"कोपऱ्यात काय?" काकांनी समोरच बघत विचारलं.

"पिवळे येतायत, काका."

"किती?"

"मीच येतोय सगळीकडनं! मागनं निळे पण हायत! काका, कोपरा भरला!"

कोपऱ्यातला पंखा ओरडायला लागला. जो आयुष्यभर निवांत होता त्याच्या अंगावर अख्खी फौज, आणि पाठीवर गोणपाट. एकदा घरघरला आणि बंद. तो बंद म्हंजे त्याच्यासाठी बाकीचे सगळे थांबले. पडद्यावर लढाई होती तशी उभी राहिली.

"कोण थांबलं?" काका म्हणाले.

मी गोणपाट उचलला. पुढचं सांगायला नको, वासानंच सांगितलं. जिन्यातनं आमची ही म्हणाली, "अवो, भिंतीला लावा म्हटलं होतं ना तुम्हाला!"

मी पळालो असतो, पण जिन्यात ही उभी होती.

"काका, उतार दिलात ते शेजाऱ्याला सांगितलंत का?" माझ्या तोंडातनं निघून गेलं.

काका कोपऱ्याकडं मान वळवून बघत राहिले. त्यांना नीट दिसत नव्हतं ते साहेबांच्या तवा ध्यानात आलं. साहेबांनी हात धरून त्यांना तिथवर नेलं. काकांनी गरम झालेल्या डब्यावर हात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. "माझी चूक," म्हणाले. "मागचा कोपरा मीसुद्धा रिकामा धरला."

साहेबांनी पडद्याकडं बोट केलं. "सर, हे पिवळे एवढ्या लवकर का निघाले? अजून एक पण मेला नव्हता."

"ह्याला विचार." काकांनी माझ्याकडं बोट केलं.

आता साहेब मला विचारणार! मी म्हटलं, "साहेब, माझ्या पायांना आधी कळतं. मला मागनं कळवतात."

त्या दोघा हापिसरांना हसू आलं. साहेबांना नाय आलं. काका साहेबांना म्हणाले, "तू सांग. समजा, समोरून गोळीबार सुरू झाला. तू काय करशील?"

साहेबांनी दोघांना खाली चहा प्यायला पाठवलं. मी पण उठायला लागलो, तर म्हणाले, "तुम्ही बसा, तुमच्यासमोर काय लाजायचं." मंग हळूच म्हणाले, "सर, मी आधी आजूबाजूला बघेन, कोणी बघतंय का. कोणी नसेल तर पळेन."

"अरे!" काकांचा चेहरा उजळला. "हा प्रकार माझ्याकडे नाही! थांब, आत्ता घालतो!"

साहेब जाताना सगळं एका पेनड्राइव्हवर घेऊन गेले. बघतो म्हणाले. बोंबील पण घेऊन गेले, ते मात्र त्यांनी स्वतः मागितले.

पुढं बरेच दिवस काय नाय. काका पुलावर जाऊन उभे राहायचे, तिथं फोनला रेंज चांगली म्हणून. मी रिक्षा घेऊन गेलो की बसायचे. रस्त्याच्या कडा दिसत नसल्यामुळं माझा हात धरायचे. मी पण उगाच हसवायला बघायचो. एरवी मला हसायला लोकांना मेहनत लागत नाय, पण तवा जमेना.

आणि मंग साहेबांचं बोलावणं आलं. काकांची एक पुतणी पुण्यात होती, तिनं गाडी पाठवली. काका गेले ते गेलेच. तिथंच उपचार, तिथंच हापिसात खुर्ची मिळाली म्हणतात.

एका दुपारी स्टँडवर माझा फोन वाजला. काका. रिक्षा धूत होतो, हात ओले होते म्हणून स्पीकरवर टाकला, ही अजून एक अक्कल. न्हावी, चाचा, रिक्षावाले, सगळे गोळा.

"चाललं रे!" काका ओरडत होते. "मोठ्या मशीनवर! भिंतीएवढा पडदा. मान फिरवून फिरवून सगळे कोपरे बघितले मी."

"दिसले, काका?"

"दिसले. स्वच्छ दिसले. पडदाभर पिवळा तूच, एवढा होतास म्हणून सांगू!"

"जिंकलो काय?"

"छे! हरलो. पहिला तूच पळालास."

स्टँड हसून हसून आडवा. मला वाटलं फोन पाण्यात टाकावा.

"अरे ऐक, ऐक," काका म्हणाले, आणि आवाज खाली आला. "मी घरी पोचलेले मोजले. तुझ्या मागून जे गेले, ते सगळ्यात जास्त पोचले. जुन्या प्रोग्रॅममध्ये ते सगळे जागच्या जागी मरायचे. आज साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, ह्यांना बाहेरची वाट कोणी दाखवली? मी म्हटलं, आमचा एक भाडेकरू आहे."

हसणं थांबलं. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. न्हावी माझ्याकडं असा बघायला लागला की मला कसंतरीच झालं.

"बोल ना," काका म्हणाले. "काही बोलणार नाहीस?"

काय बोलणार? मी कुणाला वाट दाखवायला पळालो नव्हतो. सगळ्यांच्या आधी आपल्याला लपायला जागा मिळावी म्हणून पळालो होतो. पण हे मी काकांना नाय सांगितलं. ते पण त्यांनी प्रोग्रॅममध्ये घातलं असतं, मंग जो तो जागेसाठी दुसऱ्याला ढकलत सुटला असता, आणि आमचा एक पण माणूस घरी पोचला नसता.